ताईत, करदोडा, कवडी, बिब्बा: कशाचा अर्थ काय, आणि बांधताना चुकतं कुठं

तेरणाकाठ

आपल्याकडं लेकराची पाचवी झाली, सटवाई पूजली की काळे दोरे यायला लागतात. कमरेला करदोडा, मनगटाला काळे-पांढरे मणी, पायात दोरा, पुढं गळ्यात ताईत. विचारलं तर उत्तर एकच: नजर लागू नये म्हणून. पण या सगळ्या वस्तू एकच काम करत नाहीत, आणि ते काम कळलं नाही तर बांधायची पद्धतही चुकते. म्हणून हा धागा.

माझी विभागणी अशी. काही वस्तू नजर स्वतःवर ओढून घेतात. काही आलेली नजर परतवतात. काही वस्तूंच्या आत काहीतरी कोंडलेलं असतं. आणि काही नुसत्या गाठी असतात, त्यांत माणूस एखाद्या व्रताला किंवा नात्याला बांधला जातो.

ओढून घेणारी सगळ्यात साधी वस्तू म्हणजे तीट. ती कपाळाच्या बरोबर मधोमध लावत नाहीत. गालावर, कानामागं, तळपायाला, आणि तीही मुद्दाम वेडीवाकडी, कारण ती खोड म्हणून लावायची असते. पाहणाऱ्याची पहिली नजर त्या डागावर पडावी आणि तिथंच तिचा जोर संपावा, हा हिशोब. ग्रीक लेखक प्लुटार्क याने सुमारे १९०० वर्षांपूर्वी हाच खुलासा दिला आहे: विचित्र दिसणारी वस्तू अंगावर असली की वाईट नजर तिच्याकडं खेचली जाते आणि माणसावर तिचा जोर कमी पडतो. तुर्कस्तानात इझमीरच्या आसपास भट्टीत काचेचा निळा डोळा करतात, त्यामागंही हीच समजूत. तो तडकला तर लोक म्हणतात, त्यानं आपलं काम केलं. आपल्याकडं काळा दोरा आपोआप तुटला की आजी हेच म्हणते.

परतवणाऱ्यांत लमाण तांड्यावरच्या ओढणीतले आरसे येतात. उत्तर आफ्रिका आणि अरब मुलखातला पंजा, खम्सा, तोही यातलाच. खम्सा म्हणजे पाच, समोर रोखलेली पाच बोटं. मुसलमान त्याला फातिमाचा हात म्हणतात, आणि तोच हात तिथले ज्यूही वापरतात.

कोंडणाऱ्यांत आपला ताईत. त्याचा जुना भाऊबंद म्हणजे रोमन लेकरांचा बुला. मुलगा नऊ दिवसांचा झाला, नाव ठेवलं की गळ्यात बुला घालायचा. श्रीमंताचा सोन्याचा, गरिबाचा चामड्याचा, आत रक्षेची वस्तू. मुलगा वयात येऊन मोठ्या माणसाचा पोशाख घालू लागला की बुला उतरवून घरच्या देवांपुढं ठेवायचा. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या उत्खननात रोमन नाण्यांची नक्कल केलेली, ओवायची सोय असलेली भाजक्या मातीची पदकं निघाली. अभ्यासक त्यांनाही बुलाच म्हणतात, पण ती लेकराची पेटी नव्हे, नाण्याचं पदक आहे. गल्लत करू नये. तेरला गेलात तर लामतुरे संग्रहालय निवांत बघा, मण्यांपाशी जास्त वेळ द्या.

गाठींत अनंताचा दोरा: १४ गाठी, पुरुषाच्या उजव्या दंडाला, बाईच्या डाव्या. इथं दोऱ्याचा रंग किंवा चमक यांना दुय्यम मान. मोजून मारलेल्या गाठी हाच त्याचा अर्थ. एक गाठ कमी पडली तर तो अनंत नाही, नुसता दोरा.

जाणकारांनी भर घालावी. बांधणीचं कुणी लिहिलं तर फार बरं.

गाठवणी

बांधणीचं लिहितो.

ताईत दोन घाटांचा. चपटी चौकोनी पेटी, नाहीतर नळी. लेकराची नळी साधारण अडीच ते तीन सेंटिमीटर लांब पुरते. नळीच्या पाठीवर कड्या किती आहेत ते आधी बघा. एकच कडी असली तर नळी लोंबते, गरगर फिरते आणि टोपण छातीला टोचत राहतं. दोन किंवा तीन कड्या एका रेषेत झाळलेल्या असल्या की ताईत आडवा, शांत बसतो. एक टोपण कायमचं झाळलेलं असतं, दुसरं दाबून बसवलेलं किंवा लाखेनं बंद केलेलं. लाखेचा ताईत उकळत्या पाण्यात घालू नका. लाख मऊ होते, टोपण निघतं आणि आतला कागद भिजतो.

दोरा तुटतो तो बहुतेक कडीपाशी. कडीची आतली कड धारदार राहिलेली असते, ती एकेक पदर कापत जाते. सोनाराकडून घेतानाच नख फिरवून बघा. नख अडकलं तर तिथंच कानशीनं कड मोडून घ्या.

दोऱ्याला नुसता पीळ देऊ नका, चार पदरांचा गोप विणा. पीळ घामानं सुटतो, गोप सुटत नाही. सूत किंवा रेशीमच घ्या. नायलॉन तुटत नाही म्हणून लोक तेच घेतात, आणि तोच त्याचा दोष: कुठं अडकलं तरी तुटत नाही. शिवाय नायलॉनचं टोक काडीनं जाळून बंद करतात, तिथं काचेसारखा कडक मणी तयार होतो. रात्रभर तो मानेला घासला की सकाळी लाल चट्टा. टोक जाळायचं नाही, बारीक सुतानं चार वेढे देऊन गुंडाळायचं.

काळ्या दोऱ्याचा रंग आधी बघावा. कोमट पाण्यात १० मिनिटं बुडवून पांढऱ्या फडक्यावर चोळा. फडकं काळं होत असेल तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा, वाळवा, मगच बांधा.

करदोड्याचं माप: कमरेचा घेर, अधिक दोन बोटं सैल, अधिक दोन्ही टोकांना गाठीसाठी चार-चार बोटं. माप लेकरू पोटभर प्यायल्यावर घ्यायचं. उपाशी पोटी घेतलेलं माप दूध प्यायलं की काचतं. कमरेला निरगाठ मारा, सुरगाठ नको. सुरगाठ ओढली की आवळत जाते.

घुटी_वेखंड

गाठवणी, दोन बोटांचं बरोबर लिहिलंत. त्याला जोड देते.

लेकराचं वजन पहिल्या वर्षात जवळजवळ तिप्पट होतं. बारशाला बांधलेला करदोडा दोन महिन्यांनी तोच राहत नाही. दर १५ दिवसांनी दोन बोटं आत सरकवून बघा. सरकली नाहीत तर कापा. सोडवत बसू नका, कात्री लावा आणि नवा बांधा. नाळ गळून बेंबी कोरडी होईपर्यंत कमरेला काहीच नको. ओला दोरा बेंबीला लागला की तिथं जंतू धरतात.

गळ्यात एक वर्षाच्या आत काहीही नको, झोपताना तर मुळीच नको. पाळण्याच्या कडीत, खिळ्यात दोरा अडकतो आणि गळा आवळला जातो. पोटऱ्या-मनगटं गुबगुबीत असतात, वळीत दोरा रुततो आणि वरून दिसत नाही. आंघोळ घालताना वळी उघडून बघायची. बोट किंवा पाऊल निळसर, सुजलेलं दिसलं तर लगेच दोरा कापून दवाखान्यात न्या.

आता बिब्बा. मनगटाला किंवा पाळण्याला बिब्बा बांधतात. त्याच्या टरफलात जो काळा चीक असतो त्यानं कातडी भाजल्यासारखी होते, फोड येतात. म्हणूनच आपण "बिब्बा उतला" म्हणतो. जुना, वाळलेला बिब्बाही उन्हात गरम झाला की चीक सोडतो. उतलाच तर साबण आणि भरपूर पाण्यानं धुवा, फोड फोडू नका, तो हात डोळ्याला लावू नका, डॉक्टरांना दाखवा. बिब्ब्याची फुली लेकराच्या अंगावर कधीच काढू नका. परंपरा म्हणून बिब्बा हवाच असेल तर दाराच्या चौकटीला वर बांधा, जिथं लेकराचा हात पोचत नाही.

वेखंडाचा तुकडा मनगटाला बांधतात. वासानं काही होत नाही, पण लेकरू तो चोखतं. वेखंडातलं तेल पोटात जाणं चांगलं नाही. पातळ कापडाच्या पुरचुंडीत शिवून पाळण्याच्या बाहेरच्या बाजूला लावा. मण्यांच्या मनगट्या घेताना एकेक मणी ओढून बघा. निघाला तर तो आधी तोंडात आणि मग घशात जाणार.

धातूचं सगळ्यात महत्त्वाचं. स्वस्त ताईत, पारद मणी म्हणून विकले जाणारे गोळे, जड करड्या रंगाचे मणी, यांत शिसं असू शकतं. २००९ मध्ये न्यूयॉर्कला कंबोडियन कुटुंबातल्या एका वर्षाच्या लेकराच्या रक्तात शिसं सापडलं. ते आलं होतं अंगावरच्या ताईताच्या मण्यातून, आणि त्या मण्यात सुमारे ४५ टक्के शिसं होतं. लेकरू तो मणी तोंडात घालायचं. ताईत काढल्यावर शिसं उतरलं. कागदावर ओढल्यावर पेन्सिलीसारखी करडी रेघ उमटवणारा मऊ धातू दिसला तर तो लेकराजवळ ठेवू नका. डोळ्यात घालायचा सुरमाही तसाच, त्यात शिशाचा खनिज दगड कुटलेला असू शकतो.

आणि जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच. तांबं, जस्त, निकेल असतं. ताईताच्या बरोबर आकाराचा खाजरा चट्टा उठला तर निकेल समजा.

अंबाजोगाई_वाट

धागा वाचनखूण केला. दोन शंका. ताईत उघडून आत काय आहे ते पाहावं का? आणि दर्ग्यावरून आणलेल्या ताईतातल्या आकड्यांच्या चौकटीचा अर्थ काय?

खुलताबाद_रस्ता

ताई, आधी आकडे.

त्या चौकटीला नक्श म्हणतात. सगळ्यात जुनी आणि सोपी तीन घरांची:

४ ९ २
३ ५ ७
८ १ ६

आडवी, उभी, तिरपी, कशीही बेरीज १५. अरबी अक्षरांना अंकांची किंमत असते. कोपऱ्यातले २, ४, ६, ८ अक्षरांत मांडले की बे, दाल, वाव, हे होतात, त्यावरून 'बुदूह' असा शब्द बनतो आणि तोच रक्षेचा शब्द म्हणून सुटाही लिहितात. ७८६ हा बिस्मिल्लाहच्या अक्षरांची बेरीज. चीनमध्ये हीच चौकट लो शू म्हणून आहे, आणि आपल्याकडं पंधरिया यंत्र. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात चार घरांचं चौतिसा यंत्र कोरलेलं आहे:

७ १२ १ १४
२ १३ ८ ११
१६ ३ १० ५
९ ६ १५ ४

हिची बेरीज सगळीकडून ३४. वृंदाच्या सिद्धयोग या इसवी सन ९०० च्या सुमाराच्या वैद्यकग्रंथात बाळंतीण सुखरूप सुटावी म्हणून ३० बेरजेची चौकट आहे, तिचे सगळे आकडे १५ च्या चौकटीच्या दुप्पट. मला यातला अर्थ असा दिसतो: कुठूनही मोजा, हिशोब पुरा भरतो, म्हणजे संकटाला शिरायला फट नाही. म्हणून एक आकडा चुकला तर ताईत फुकट. छापील ताईतांत हे हमखास होतं, कारण छापणारा बेरीज करून बघत नाही. घेतलेल्या चौकटीची बेरीज आपण स्वतः करून बघावी, दोन मिनिटांचं काम आहे.

लिहिण्याची रीत: केशर गुलाबपाण्यात घोटून त्याची शाई, जाड न फुटणारा कागद. घड्या नेहमी स्वतःकडं घालतात. मग मेणकापडात गुंडाळून चामड्यात शिवतात किंवा चांदीत घालतात. मेण कशाला? घामासाठी. केशराची शाई पाण्यात सहज विरघळते. मेणाविना घातलेला कागद एका उन्हाळ्यात पिवळा लगदा होतो.

उघडण्याबद्दल रीत नाही म्हणते. जपानमध्ये देवळातून ओमामोरी नावाची किनखापी पिशवी मिळते, तीही उघडायची नसते. वर्ष झालं की देवळात परत करायची, तिथं ती जाळतात. पण ताईताला वास येत असेल, तांब्याचा असून हिरवा कळकट सुटत असेल, आत पाणी हलत असेल तर उघडाच. तो हिरवा कळकट लेकराच्या तोंडात जाऊ नये.

कवडी_परडी

तुळजापूरच्या माळेबद्दल कुणी लिहीना म्हणून मी लिहिते.

आराधी गळ्यात घालतात ती कवड्यांची माळ नुसती रक्षा नाही, ती देवीची खूण आहे. नजरेसाठी लेकराच्या मनगटात किंवा पोळ्याला बैलाच्या कंड्यात ओवलेली कवडी वेगळी. कवडी एकच, अर्थ दोन, आणि दोन्ही खरे. कवडीची फट अर्धवट मिटलेल्या डोळ्यासारखी दिसते, म्हणून ती नजरेला नजर देते असं मानतात. दुसरं मत तिला बाईच्या कुशीशी जोडतं, म्हणून ती सुफळपणाची. या कवड्या आपल्या नद्यांतल्या नाहीत, समुद्रातल्या आहेत. मालदीवच्या कवड्या शतकानुशतकं नाणं म्हणून चालल्या. "फुटकी कवडी" हे बोलणं तिथूनच.

ओवण्यासाठी कवडीच्या पाठीचा फुगवटा दगडावर पाणी टाकत घासतात. आरपार भोक पडलं की थांबायचं. कोरडी घासली तर तडकते, आणि तिची धूळ नाकात जाते. घासलेली कड काचेसारखी धारदार असते, ती पुन्हा बारीक दगडावर फिरवून बोथट करा, नाहीतर माळ महिन्यात तुटते. दोरा पाठीकडून घालून फटीतून काढायचा. दर दोन कवड्यांनंतर एक गाठ मारली तर माळ तुटली तरी दोनच सांडतात.

चिंच-लिंबानं कवडी कधीच घासू नका. कवडी म्हणजे चुना. आंबटानं तिची चकाकी खाल्ली जाते आणि ती परत येत नाही. साधं पाणी, मऊ फडकं, एवढंच.

प्लॅस्टिकच्या कवड्या आता भरपूर आल्यात. ओळख सोपी आहे: खऱ्या कवडीचे दात एकसारखे नसतात. दहा कवड्या ओळीत मांडा, सगळ्यांचे दात हुबेहूब असले तर साच्यातल्या.

कपिलधार

एक विनंती. काही ठिकाणी ताईत-गंड्यांच्या यादीत लिंगायतांच्या इष्टलिंगाचा चौकाही घालतात. तसं करू नये. इष्टलिंग गुरूकडून दीक्षेत मिळतं, रोज तळहातावर घेऊन पुजलं जातं. चौका ही त्याची पेटी आहे आणि शिवदार नावाच्या दोऱ्यानं ती गळ्यात बांधतात, म्हणून वरून ताईतासारखी दिसते. पण ताईत अंगावर घालून विसरायचा असतो, इष्टलिंग विसरायचं नसतं. नांदेडला घेतलेलं कडंही तसंच, शीख माणसासाठी ते १६९९ पासूनच्या पाच ककारांपैकी, म्हणजे 'क'नं सुरू होणाऱ्या पाच धर्मखुणांपैकी, एक आहे. वारकऱ्याच्या तुळशीमाळेचंही तेच.

तेरणाकाठ

कपिलधार, पूर्ण मान्य. माझ्या विभागणीत या तिन्हींना जागा नाही, आणि ती नसावीच.

रानवाट

जत्रेत विकणाऱ्या चार वस्तूंबद्दल सावध करतो.

वाघनख. बाळकृष्णाच्या गळ्यात व्याघ्रनख असतं, त्यामुळं हौस जुनी आहे. पण वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली खरं वाघनख जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे, ३ ते ७ वर्षं कैद. बाजारातली बहुतेक नखं शिंगाची किंवा खुराची कोरलेली असतात. खरं नख आतून पोकळ आणि मुळाशी हाडाची खाच असलेलं असतं, पण ते ओळखत बसू नका, घेऊच नका. चांदीचं घडवलेलं नख मिळतं, अर्थ तोच राहतो.

हत्था जोडी. जोडलेल्या दोन हातांसारखी दिसते, झाडाची मुळी म्हणून विकतात. ती मुळी नाही. घोरपडीच्या नराची वाळवलेली जननेंद्रियं आहेत. घोरपडही वाघाच्याच परिशिष्टात, शिक्षा तीच.

इंद्रजाल. भिंतीवर लावायची काळी जाळी, वनस्पती म्हणून सांगतात. तो समुद्रातला काळा पोवळा किंवा समुद्रपंखा, म्हणजे प्राणी, आणि तोही संरक्षित.

सियारसिंगी म्हणजे कोल्ह्याचं शिंग म्हणतात. कोल्ह्याला शिंग नसतं. केसाळ कातड्याचा गोळा असतो तो.

बजरबट्टूला मात्र हरकत नाही, ते ताडाच्या जातीच्या झाडाचं बी आहे. मेक्सिकोत लेकरांना 'हरणाचा डोळा' नावाचं बी बांधतात, ते आपल्या खाजकुयलीच्या भावकीतलं. बी घ्या, प्राणी नको.

नवा_मोंढा

दुकानाच्या लिंबू-मिरचीबद्दल थोडं. आमच्याकडं एक लिंबू, सात हिरव्या मिरच्या, खाली बिब्बा किंवा कोळसा. मिरच्या देठाच्या जरा खालून ओवाव्यात, देठातून ओवल्या तर दोन दिवसांत गळतात. लोखंडी तार वापरू नका. लिंबाच्या आंबटानं तार गंजते आणि शटरवर काळे ओघळ उतरतात, ते रंगाशिवाय जात नाहीत. सुती दोरा घ्या. दर शनिवारी बदलायची. जुनी रस्त्यात टाकू नका, तिच्या बिब्ब्यावर कुणाचा तरी पाय पडतो.

लिंबातलं क जीवनसत्त्व हवेत पसरून जंतू मारतं असा निरोप फिरतोय. क जीवनसत्त्व हवेत उडत नाही. रीत पाळायची तर रीत म्हणून पाळा, तिला खोटं विज्ञान चिकटवू नका.

अंबाजोगाई_वाट

सगळ्यांचे आभार. साप-विंचवासाठी गंडा देतात, त्याचं काय?

तेरणाकाठ

ताई, तिथं चर्चेला जागाच नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रं चावल्यावर दवाखान्यात जाण्यापासून अडवून मंत्र-गंडेदोरे करणं हा गुन्हा आहे. अंगावर दोरा बांधणं गुन्हा नाही, उपचार अडवणं आहे. आणि ताईतानं अमुक रोग बरा होतो अशी जाहिरात करणाऱ्यांसाठी १९५४ चा चमत्कारी औषधांच्या जाहिरातींचा केंद्रीय कायदा आहे, त्यात ताईत, मंत्र, कवच हे शब्द स्पष्ट लिहिलेले आहेत. अथर्ववेदात शंखमणी, जंगिड मणी बांधायची सूक्तं आहेत, म्हणजे मणी बांधणं तेव्हापासूनचं. पण चावलेला अवयव हलवू न देता, घट्ट न आवळता थेट रुग्णालय. दंशाच्या वर करकचून बांधलेला दोराच पाय घालवू शकतो.

गाठवणी

उतरवण्याचं राहिलं होतं. दोरा दातानं तोडू नका, कात्रीनं गाठीच्या शेजारी कापा, गाठीवर नको. लेकरू मोठं झालं की चांदीची पेटी मोडीत देण्याआधी टोपण काढून आतला कागद वेगळा करा. तो पाण्यात विरघळवून झाडाच्या मुळाशी घालायची रीत आहे. मेणकापड आणि नायलॉन गोदावरीत सोडू नका, ते विरघळत नाही. मणी आणि कवड्या धुवून डबीत ठेवा, पुढच्या लेकराला दोरा मात्र नवाच घ्या. जुना घामानं खाल्लेला असतो, वरून दिसत नाही, ओढल्यावर कळतं.